ज्याची गाठ, त्याचा पाय

मेहुण्याची गाठ सुटली, सासरे फळीवरून पडले, जावयाचा पाय चेचला, आणि म्हणून वरच्या दोन खोल्या मेहुण्याला मिळाल्या.

असं काही झालेलं नाही. सासरे जिन्यावरून घसरले. जावईही जिन्यावरून घसरला. त्याच जिन्यावरून, त्याच सकाळी, जरा मागून. खोल्यांचं म्हणाल तर त्या पहिल्यापासून मेहुण्याच्याच होत्या, फक्त इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. घरात हेच ठरलंय, दवाखान्यात हेच लिहिलंय, आणि शेजारी विचारतात तेव्हा सासूबाई डोळे पुसून हेच सांगतात. तेव्हा आपणही ते झालेलं नाही असंच धरू, आणि जे झालं नाही ते कसं झालं तेवढं बघू.

दुकान गळांचं होतं. पुढे गल्ला, मागे कामाची खोली, त्यामागे कोठार, आणि वर दोन खोल्या. बंदरावरचे लोक तयार बांधलेले गळ घ्यायला यायचे, आणि सुटीच्या दिवशी टोपी घालून एकही मासा न पकडणारे हौशी लोकही यायचे. सासऱ्यांना सगळे गाठमास्तर म्हणत. घरातही त्यांच्या मागे तेच म्हणत, आणि त्यांच्या तोंडावर काहीच म्हणत नसत.

जावई या घरात आला तो त्याच्या थुंकीमुळे. लग्नाची बोलणी करायला गेला तेव्हा गाठमास्तरांनी शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. एवढंच विचारलं, "तोंड कोरडं पडतं का?"

"नाही," जावई म्हणाला. त्याला वाटलं, तब्येतीची चौकशी चाललीय.

"भीती वाटली की?"

"तेव्हा उलट जास्त सुटतं."

"मग जमलं," गाठमास्तर म्हणाले. आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी ती थुंकी वापरली.

कारण गळाची गाठ कोरडी ओढायची नसते. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गळाच्या नेढ्यातून ओवायचा, त्याच्याच अंगाभोवती वेढे द्यायचे, टोक फिरवून पहिल्या वेढ्याच्या पोटातून बाहेर काढायचं. इथपर्यंत कुणालाही जमतं. खरं काम पुढे. गाठ तोंडात घेऊन ओली करायची, मग ओढायची. हिसका द्यायचा नाही, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून चादर ओढून घ्यावी तशी. वेढे एकाशेजारी एक बसले पाहिजेत, एकमेकांच्या डोक्यावर नाहीत. कोरडी ओढली की तंगूस स्वतःवरच घासून भाजतो, तिथे पांढुरका पडतो, आणि मग वरून धडधाकट आणि आतून मेलेला असतो. शेवटी नेलकटरने टोक कापायचं, पण बुडापासून नाही. तांदळाच्या दाण्याएवढं शेपूट ठेवायचं. ओढ बसली की गाठ आणखी आवळते आणि शेपूट जरा आत सरकतं. शेपूटच नसेल तर सरकायला काय उरलं? मग गाठच उठून निघून जाते.

गाठमास्तरांचे डोळे गेले होते. मोतीबिंदू पिकला होता, पण डॉक्टर डोळ्याला हात लावतील म्हणून ते काढू देत नव्हते. गाठी ते जिभेने तपासायचे. वेढे मोजायचे, शेपूट चाचपायचे, आणि गाठ कुणी बांधली तेही सांगायचे. म्हणजे दुकानातली प्रत्येक गाठ विकली जाण्याआधी दोन तोंडांतून जायची. गिऱ्हाईक उरलेलं टोक दाताने तोडायचं, ते तिसरं. माशाचं धरलं तर चौथं.

जिभेवरही त्यांचा पुरता विश्वास नव्हता. म्हणून मामा होता.

मामा म्हणजे शिशाचा गोळा. लहान कलिंगडाएवढा, गाठमास्तरांच्या वडिलांनी ओतलेला. बांधलेल्या गळांच्या ढिगातला एक गळ उचलायचा, कामाच्या खोलीतल्या तुळईला अडकवायचा, त्याच्या तंगूसाला मामा टांगायचा, आणि ज्याने गाठ बांधली त्याने आपला अनवाणी पाय मामाच्या बरोबर खाली ठेवायचा. ज्याची गाठ, त्याचा पाय. दुकानाचा हा एकच नियम होता आणि तो भिंतीवर लिहिलेला नव्हता, कारण तो पायांवर लिहिलेला होता. गाठ पक्की असली तर मामा वर लटकायचा. नसली तर मामा भेटायला यायचा.

घरातलं नेलकटर म्हणूनच फक्त तंगूसासाठी वापरत. नखं कापायला गाठमास्तरांच्या पायावर काही उरलंच नव्हतं. जावयाच्या लग्नाच्या फोटोत त्याची सगळी नखं दिसतात. बायको पाहुण्यांना तो फोटो दाखवायची. "हे बघा, तेव्हाचे हे," असं म्हणायची, जणू नवरा कुठे परदेशी गेलाय.

पण शिकताना जे गेलं ते गेलं. पुढे जावयाच्या गाठी अशा काही बसायला लागल्या की मामा तासन् तास लटकायचा आणि जावई खाली पाय ठेवून डुलकी काढायचा.

आता मेहुणा. त्याला सगळे बाळ म्हणत. बाळ पस्तिशीचा होता. तो गल्ल्यावर बसायचा, आणि मन झालं तर गाठ बांधायचा. गाठ तोंडात घ्यायचा नाही. "मला किळस येते," म्हणायचा. शेपूट ठेवायचा नाही. "घाणेरडं दिसतं." त्याच्या गाठी दिसायला इतक्या सुबक होत्या की हौशी गिऱ्हाइकं त्याच मागायची, त्यांना मासा कधी लागतच नसे, त्यामुळे तक्रारही कधी आली नाही. मामाच्या खाली त्याचा पाय कधी गेला नाही. पाय ठेवायची वेळ आली की सासूबाई आतून ओरडायच्या, "बाळ, जरा डबा काढून दे रे वरचा!" वरचा डबा त्या घरात सतत खाली येत असे. बाळच्या पायांची नखं इतकी शाबूत होती की ती नुसती वाढत राहायची.

तर एक दिवस गाठमास्तरांचे गुडघे म्हणाले, आता जिना पुरे. त्यांनी सगळ्यांना कामाच्या खोलीत उभं केलं.

"मी आणि ही खाली गल्ल्याच्या खोलीत झोपणार," ते म्हणाले. "वरच्या दोन खोल्या रिकाम्या होतात. जो वर राहील, दुकान त्याचं."

जावयाच्या बायकोने जावयाचा हात इतका जोरात धरला की नखं रुतली. तिची नखं होती. ती दोघं कोठारात झोपायची. कोठारात शिशाच्या थैल्या, तंगूसाची रिळं, आणि डोक्यावर गळांच्या खोक्यांची फळी. रोज सकाळी उठताना तिचं डोकं त्या फळीला लागायचं आणि ती नवऱ्याकडे बघायची. फळीकडे बघून काही उपयोग नव्हता. वरच्या खोलीला खिडकी होती आणि खिडकीतून समुद्र नाही, पण निदान दुसऱ्याची गच्ची दिसायची. लग्न झाल्यापासून तिला ती गच्ची हवी होती.

बाळ गल्ल्याच्या मागे गादी टाकून झोपायचा. "मला खोली नाही म्हणून माझं लग्न अडलंय," तो म्हणाला.

"तुझं लग्न तुझ्यामुळे अडलंय," त्याची बहीण म्हणाली.

"गप्प!" गाठमास्तर म्हणाले. "चाचणी होईल. तुळईला बाकाची फळी टांगायची. एका टोकाची गाठ बाळ बांधेल, दुसऱ्या टोकाची जावईबापू. फळीवर मी बसेन."

बाळने आपले पाय मागे घेतले.

"मामा माझ्या मांडीवर असेल," ते पुढे म्हणाले. "प्रत्येकाने आपापल्या टोकाखाली पाय ठेवायचा. ज्याची गाठ सुटेल तो हरला."

"आणि दोन्ही टिकल्या तर?" जावयाने विचारलं.

"तर मी खाली उतरत नाही."

"म्हणजे बाबा, तुम्ही पडल्याशिवाय निकालच लागणार नाही?" बायको म्हणाली. ती काळजीने विचारतेय असं तिच्या आवाजावरून वाटत होतं. तिच्या डोळ्यांत मात्र गच्ची दिसत होती.

"निकाल लागायला कुणाला तरी लागावंच लागतं," गाठमास्तर म्हणाले. "आणि हो, गाठींना मी जीभ लावणार नाही. जीभ लावली की मला कळेल कुठली कुणाची, आणि शेवटी मी बाप आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाठी बांधल्या. तंगूस जाडजूड होता, बंदरावरच्या मोठ्या माशांसाठीचा. जावयाने आपली गाठ तोंडात घेतली. त्याला भीती वाटत होती, त्यामुळे थुंकीची ददात नव्हती. सावकाश ओढली. वेढे शाळेतल्या पोरांसारखे रांगेत बसले; शाळेतली पोरं बसत नाहीत, पण वेढे बसले. तांदळाच्या दाण्याएवढं शेपूट ठेवून त्याने टोक कापलं आणि नेलकटर मेहुण्याला दिलं.

बाळने वेढे दिले. गाठ हातात धरून तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग कोरडीच, एका हिसक्यात ओढली. किंचित करकर आवाज झाला. जावयाने तो ऐकला. गाठीच्या पोटाशी तंगूस पांढुरका पडलेला त्याने बघितला. बाळने नेलकटर बुडाशी लावून टोक साफ उडवलं, आणि बोटाने चोळून बघितलं. "मस्त," तो म्हणाला.

जावई तेव्हा बोलू शकत होता. एक वाक्य पुरलं असतं. त्याने तोंड उघडलंसुद्धा, आणि मग ते जांभईसाठी वापरलं.

कोठारात गेल्यावर त्याने बायकोला सांगितलं. "अगं, बाळची गाठ कोरडी आहे. शेपूटही नाही. मामा आणि बाबा दोघंही बसले तर उद्यापर्यंतसुद्धा टिकायची नाही."

"नक्की?"

"नक्की. पडतील ते."

बायकोने विचार केला. तिच्या वडिलांनी तिला चालायला शिकवलं होतं, सायकल शिकवली होती, एकदा तापात रात्रभर उशाशी बसले होते. हे सगळं तिने आठवलं, कारण ती कृतघ्न नव्हती.

"फळी किती उंच आहे?" तिने विचारलं.

"माझ्या छातीएवढी."

"मग काही नाही. फार तर एखादं हाड. जुनं हाड आहे, कधीतरी जायचंच. तुम्ही बोलू नका."

"मी कुठे बोललो?"

"बोलणार होता. तुमची जांभई मी ओळखते."

गाठमास्तरांना चौघांनी मिळून फळीवर चढवलं. त्यांनी मामाला मांडीवर घेतलं, पाय सोडले, आणि एक मोठा श्वास घेतला. फळी जरा झुलली आणि थांबली. खाली दोन्ही टोकांशी दोन बुटकी स्टुलं मांडली होती. जावई उजवीकडे बसला, बाळ डावीकडे, एकेक पाय फळीच्या टोकाखाली. बाळच्या पायात बूट होता.

"बूट काढ," गाठमास्तर वरून म्हणाले. त्यांना दिसत नव्हतं, पण चामड्याचा वास येत होता.

बाळने बूट काढला, मोजा काढला. त्याच्या नखांना उजेडाची सवय नव्हती.

दुपारपर्यंत काही झालं नाही. झालं ते एवढंच, की गाठमास्तरांना ती जागा आवडली. वरून त्यांना सगळ्यांचे आवाज नीट ऐकू यायला लागले, आणि सगळे आपल्यापेक्षा खाली आहेत ही त्यांना आयुष्यभर वाटत आलेली गोष्ट आता मापातही बसली. गिऱ्हाइकं कामाच्या खोलीपर्यंत आत यायची आणि मान वर करून भाव विचारायची.

"कमी करा की मास्तर."

"मी इथे जिवावर उदार होऊन बसलोय आणि तुला कमी पाहिजे?"

गिऱ्हाईक पूर्ण किंमत देऊन जायचं. धंदा वाढला. सासूबाईंनी वाढायच्या डावाला काठी बांधून त्यांना वर जेवण पोचवलं. इतर सोयी कशा केल्या ते विचारू नका. एक बादली होती, आणि ती कुणी धरायची यावरून जे भांडण झालं ते जावई हरला.

संध्याकाळी गाठमास्तर म्हणाले, "भार कमी पडतोय. शिसं आणा."

शिसं कुणी आणायचं? कोठार जावयाचं. त्याने थैल्या आणल्या आणि सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशांत, कोटाच्या खिशांत, मोज्यांत शिशाचे तुकडे भरले. भरताना त्याने थोडा डावीकडे जास्त भर दिला. फार नाही. एखादी सून सासूला वाढताना मीठ जसं जास्त घालते, तेवढंच.

"मनापासून करताय, जावईबापू," सासरे म्हणाले.

"तुमचंच शिकवलेलं," जावई म्हणाला.

रात्री तिघंही जागच्या जागी झोपले. सकाळी जावयाने डोळे उघडले आणि पहिली नजर डाव्या गाठीवर टाकली. ती किंचित फिरली होती. काल जो वेढा पुढे होता तो आता बाजूला होता. त्याला एवढा आनंद झाला की त्याने सासऱ्यांना झोप लागली का म्हणून विचारलं.

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून आली आणि त्याच्या कानाशी वाकली. तिचा चेहरा पडला होता.

"आईने बाळची गाठ बघितलीय," ती कुजबुजली. "आत्ता त्याला सांगत होती: 'तू नुसता पाय काढून जा. पाय नसला की चाचणी बाद. परत बांधायला लागेल, आणि या वेळी मी माझी थुंकी लावून देते तुला.'"

"आईंची थुंकी?"

"चांगली आहे तिची. बाबांच्या सगळ्या गाठी लग्नानंतर तीच ओल्या करायची."

सासूबाईंच्या थुंकीने बांधलेली गाठ कधीच सुटणार नव्हती. मग सासरे फळीवरच म्हातारे होणार, म्हणजे आणखी म्हातारे, आणि कोठारातली फळी बायकोच्या डोक्याला रोज लागत राहणार.

डावीकडे बाळ चहा संपवून उठला. "भावोजी, मी आलोच," तो म्हणाला, आणि पाय काढून मोरीत गेला. दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला.

सासूबाई लगेच पुढे झाल्या. "अहो, डावीकडे पाय नाही हं! चाचणी बाद. उतरा आता, मी पाट लावते."

"पाय नाही?" गाठमास्तर गरजले. "माझ्या दुकानात मामा लटकलाय आणि खाली पाय नाही?"

"आहे, आहे!" बायको ओरडली. "पाय आहे बाबा!" आणि दातांतून नवऱ्याला म्हणाली, "ठेवा की!"

"कुठला?"

"दुसरा! तुम्हाला दोन आहेत ना?"

"अगं, ती गाठ सुटतेय. मला दिसतेय."

"मग काय आत्ताच्या आत्ता सुटणार आहे का? एका मिनिटात बाळ येईल. तोपर्यंत टिकते की!"

जावयाने गाठीकडे बघितलं. मोरीच्या दाराकडे बघितलं. "बाळ!" त्याने हाक मारली. "आलोच!" आतून आवाज आला, आणि बादलीत पाणी सोडल्याचा. सासूबाई पाट घेऊन आल्या होत्या. वरून सासऱ्यांनी उतरण्यासाठी एक पाय हलवला.

जावयाने स्टूल मधोमध ओढलं, उजवा पाय उजव्या टोकाखाली ठेवला आणि डावा डाव्या टोकाखाली. तो असा बसला होता की कुणी लांबून बघितलं असतं तर वाटलं असतं, हा माणूस एकटाच लंगडी खेळायला शिकतोय आणि त्याला चुकीचं शिकवलंय.

"आहे पाय," तो म्हणाला.

"खात्री करतो," गाठमास्तर म्हणाले. त्यांनी उजव्या खिशातला शिशाचा तुकडा काढून उजवीकडे टाकला.

"आई गं!"

"हा आहे." मग डाव्या खिशातला डावीकडे टाकला.

"आई गं!"

"हाही आहे. आवाज सारखाच येतोय, पण पायाला आवाज थोडाच असतो. चालू द्या." आणि ते परत ऐसपैस बसले.

ऐसपैस बसणं हे त्या गाठीला पुरलं. तुटल्याचा आवाज वगैरे आला नाही. अर्धवट राहिलेल्या शिंकेसारखं काहीतरी वाजलं, डाव्या टोकाचा तंगूस गुळगुळीत निसटून वर उडाला, आणि फळी खाली आली. आधी मामा आला. तो सरळ डाव्या पायावर आला, जणू इतकी वर्षं पत्ता शोधत होता. मग सदऱ्याच्या खिशातलं शिसं आलं, मग कोटाच्या खिशातलं, आणि सगळ्यात शेवटी, वयाचा मान राखून, सासरे.

मोरीचं दार उघडलं. बाळ हात पुसत बाहेर आला. "काय झालं?" त्याने विचारलं.

गाठमास्तर जमिनीवर आडवे होते. त्यांचं कंबरेचं हाड गेलं होतं, ते सगळ्यांना ऐकू आलं होतं. पण त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती पाणी नव्हे. "तंगूस," ते म्हणाले. "सुटलेलं टोक आणा."

बायकोने ते त्यांच्या हातात दिलं. तिला बरीच घाई होती. त्यांनी टोक जिभेवर ठेवलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ चघळलं.

"कोरडी," ते म्हणाले. "भाजलेली. शेपूट नाही."

सगळ्यांनी बाळकडे बघितलं. बाळने छताकडे बघितलं. जावई मामाच्या खालून पाय काढायच्या प्रयत्नात होता, पाय काही निघत नव्हता, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तरी त्याच्या ओठांवर हसू आलं. मनातल्या मनात त्याला वरच्या खिडकीतून गच्ची दिसली. गच्चीवर कुणाचेतरी कपडे वाळत होते.

"पाय कुणाचा होता खाली?" गाठमास्तरांनी विचारलं.

"माझा," जावई म्हणाला. आधी अभिमानाने म्हणाला. मग त्याला ऐकू आलं आपण काय म्हणालो ते.

"तुमचा?"

"बाळ मोरीत गेला होता. म्हणून मी… म्हणजे गाठ बाळचीच आहे, बाबा. पाय फक्त माझा."

"ज्याची गाठ, त्याचा पाय," गाठमास्तर सावकाश म्हणाले. "माझ्या वडिलांपासून हे चालत आलंय. दुसऱ्याच्या गाठीखाली आजवर या घरात कुणी पाय ठेवलेला नाही. कोण ठेवेल? वेडा असेल तो. म्हणजे ज्याचा पाय, त्याची गाठ."

"पण बाबा, तुमची जीभ! जिभेने सांगा ना कुणाची आहे!"

"जीभ लावून निकाल देणार नाही असं मी परवाच म्हटलंय. मघाशी लावली ती कुतूहल म्हणून."

"मी बघितलं होतं बांधताना! कोरडी ओढली त्याने! तेव्हाच बघितलं होतं!"

गाठमास्तरांनी मान वळवली आणि आपले पिकलेले डोळे आवाजाच्या दिशेने लावले.

"बघितलं होतं," ते म्हणाले. "आणि मग माझ्या खिशात शिसं भरलंत."

जावयाने बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "तुम्ही शिसं भरलंत? बाबांच्या खिशात?"

"अगं, तूच म्हणालीस पाय ठेवा!"

"मी 'ठेवा की?' असं विचारलं होतं. 'ठेवा' असं कुठे म्हटलं?"

"आणा रे कुणीतरी गाडी," सासूबाई म्हणाल्या. "बाळ, तू नको उचलूस. तुझी पाठ धरेल."

दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांनी दोघांना शेजारच्या दोन खाटांवर बघितलं. "काय झालं?"

"जिन्यावरून घसरले," सासूबाई म्हणाल्या.

"दोघंही?"

"एकामागोमाग. आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या पुढे जात नाहीत."

"यांच्या पायावर गोल खड्डा आहे."

"जिना गोल आहे," बाळ म्हणाला.

डॉक्टरांनी तसं लिहिलं. जावयाने तोंड उघडलं, पण बायको त्याच्या खाटेशी उभी होती आणि तिने त्याच्या प्लास्टरवर, अगदी हलकेच, आपली पिशवी ठेवली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. बाळ वर राहायला गेला. खोली मिळाली तरी लग्न जमलं नाही, पण खिडकीत बसून तो गच्ची बघतो. कंबर बसल्यावर गाठमास्तरांना खालची ओल बाधायला लागली, म्हणून शेजारच्या चौघांनी खुर्चीत घालून त्यांना वरच्याच दुसऱ्या खोलीत नेलं. त्यांच्या उशाशी कुणीतरी हवं म्हणून जावयाची बायको तिथे झोपते. तिचं डोकं आता कशालाच लागत नाही. जावयाला वर बोलावलं होतं. बायकोनेच जिन्याच्या टोकावरून हाक मारली होती, "अहो, या ना वर!" पण त्या पायाने जिना चढवत नाही, आणि ते तिला हाक मारण्याआधीही माहीत होतं.

तो कोठारात असतो. दिवसभर गळ बांधतो, कारण बाळला अजून किळस येते. पक्क्या गाठी, ओल्या, शेपटासकट. संध्याकाळी बाळ खाली येतो, ढिगातला एक गळ उचलतो, मामाला टांगतो आणि म्हणतो, "भावोजी, पाय." कधी कधी आपल्याच बांधलेल्या दोन-चार गाठीही त्या ढिगात मिसळतो. "सगळ्या एकाच पायावर तपासू," म्हणतो. "चांगला तरी कशाला खराब करायचा?"

गेल्या आठवड्यात जावयाने एक अर्ज लिहिला. त्यावर शिक्का नाही, कारण शिक्का मारणारं जगात कुणी नाही. पाठवायला तो बाळकडेच दिला, कारण बाहेर जाणारा घरात दुसरा कुणी नव्हता. बाळने तो वाचला, हसला, आणि तंगूसाच्या रिळाला पाचर म्हणून लावला. तो असा:

"मा. अधीक्षक, अस्थी व नोंदणी विभाग, यांच्या सेवेशी. विषय: डावा पाय वर्ग करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर पाय अर्जदाराच्या शरीरास जोडलेला असला तरी तो अपघातसमयी माझ्या मेहुण्याच्या गाठीखाली व त्याच्याच वतीने ठेवण्यात आला होता. तरी सदर पाय पूर्वलक्षी प्रभावाने मेहुण्याच्या नावे करण्यात यावा, त्याचा शाबूत पाय अर्जदारास जिना चढण्याकामी नखांसह देण्यात यावा, आणि आजवर चुकून अर्जदाराकडे येत असलेल्या वेदना यापुढे परस्पर वरच्या मजल्यावर पोचत्या करण्यात याव्यात, ही नम्र विनंती."